घटक तेच, मग वर्ग वेगळे कसे? ग्रॅनाइट आणि नाइसबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रॅनाइट अग्निजन्य आणि नाइस रूपांतरित, असं पुस्तकात वाचलंत. पण तुमच्याकडच्या दोन्ही दगडांत तेच गुलाबी फेल्डस्पार, तेच काचेसारखं क्वार्ट्‌झ, तेच काळं अभ्रक. एकात पट्टे नाहीत, दुसऱ्यात आहेत. आणि त्या दुसऱ्यातही एका बाजूने पट्टे दिसतात, शेजारच्या बाजूने गायब. मग एवढ्याशा पट्ट्यांवरून खडकाचा वर्गच बदलतो का, आणि त्या दुसऱ्या दगडाला म्हणायचं तरी काय?

तुमच्या निरीक्षणात काहीही चूक नाही. घोळ नावांमध्ये आहे. खडकात काय काय आहे आणि किती आहे, हे 'ग्रॅनाइट' हे नाव सांगतं. 'नाइस' हे नाव सांगतं की ते जे काही आहे ते कसं मांडलेलं आहे. एखादा माणूस उंच आहे की सुतार आहे असं कुणी विचारलं तर आपण हसू, कारण तो दोन्ही असू शकतो. 'ग्रॅनाइट की नाइस' हा प्रश्न बराचसा तसाच आहे. फरक इतकाच की ग्रॅनाइट म्हणताना तो वितळलेल्या शिलारसातून आला हेही आपण गृहीत धरतो, आणि नाइस म्हणताना तो घन अवस्थेत बदलला हे गृहीत धरतो. म्हणून ही दोन नावं एकाच पातळीवरची वाटायला लागतात.

मी पंचवीसेक वर्षं खडकांचे नकाशे करतोय, त्यातली बरीचशी वर्षं याच दोन खडकांच्या सीमारेषा आखण्यात गेली. तरीही फोटोवरून निकाल देणार नाही. मुठीएवढा नमुना, तोही नदीतून वाहून आलेला असेल तर, खूप काही लपवतो. तुटलेली ताजी बाजू आहे का, दाणे किती मोठे आहेत, दगड मूळ जागेवरून काढलेला आहे का, यावर उत्तर बदलतं. विचार कसा करायचा तेवढं मात्र नक्की सांगता येईल.

ग्रॅनाइटपासून सुरुवात करू. जमिनीखाली काही किलोमीटर खोल शिलारस शिरतो आणि तिथेच अडकून सावकाश निवतो. मोठा साठा असेल तर या निवण्याला लाखो वर्षं लागतात. स्फटिक एकाच वेळी तयार होत नाहीत. साधारणपणे काळं अभ्रक आणि प्लॅजिओक्लेज जातीचं फेल्डस्पार आधी येतं. त्यांना वाढायला भोवती द्रव असतो, त्यामुळे त्यांच्या कडा सरळ, कोन नीट असतात. क्वार्ट्‌झ शेवटी शेवटी येतं आणि उरलेल्या फटींत जसं मावेल तसं बसतं. भिंग घेऊन बघा: चांगल्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झला स्वतःचा आकारच नसतो, करड्या काचेचे वेडेवाकडे ठिपके असतात. हा बेढबपणा फार उपयोगाचा आहे, पुढे तो पुन्हा लागेल. (दाणे मोठे म्हणजे निवणं तितकंच सावकाश, हे मात्र सरसकट धरू नका. शिलारसात पाणी भरपूर असलं की हातभर लांबीचे स्फटिकही वाढतात. पेग्मटाइट हा त्याचा नमुना.)

हा शिलारस येतो कुठून? बहुतांशी खंडांच्या कवचाचाच खालचा भाग अर्धवट वितळून. पाण्याच्या सान्निध्यात ग्रॅनाइटसारखं मिश्रण सुमारे ६५० ते ७०० अंश सेल्सिअसला वितळायला लागतं. कोरडं असेल तर त्याहून कितीतरी जास्त तापमान लागतं. खंडांच्या कवचात खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं असं धरलं, तर पंचवीसेक किलोमीटर खाली ही परिस्थिती सहज येते. हा आकडा लक्षात असू द्या, कारण नाइसही याच खोलीच्या आसपास जन्मतो.

ग्रॅनाइट वितळलेल्या अवस्थेतून आला ही गोष्ट आज शाळेत शिकवतात, पण ती सहजासहजी मान्य झालेली नाही. अठराव्या शतकात जर्मनीत वेर्नर या भूवैज्ञानिकाच्या मताचे लोक मानत की ग्रॅनाइट हा आदिम समुद्राच्या पाण्यातून साचलेला पहिला खडक. स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन १७८५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्टच्या खोऱ्यात गेला आणि तिथे त्याला गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा आजूबाजूच्या गडद खडकात घुसलेल्या दिसल्या. खडक फोडून आत शिरायचं तर ग्रॅनाइट द्रव हवा, आणि ज्यात तो शिरला तो खडक आधीचा हवा. एका उघड्या कातळावरच्या शिरांनी 'सगळ्यात आधीचा' हे ग्रॅनाइटचं बिरूद काढून घेतलं. आजही नकाशा करताना मी सर्वांत आधी असाच सांधा शोधतो. ग्रॅनाइट शेजाऱ्याला कापतो का, शेजाऱ्याचे तुकडे त्याच्या पोटात अडकलेत का, कडेला त्याचे दाणे बारीक झालेत का. हे तीन पुरावे सापडले की ग्रॅनाइटच्या जन्माबद्दल वाद उरत नाही.

गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावर हा वाद पुन्हा पेटला. एच. एच. रीड यांच्यासारखे मोठे भूवैज्ञानिक म्हणत होते की बरेचसे ग्रॅनाइट वितळून झालेच नाहीत. जुने खडक जागच्या जागी, गरम द्रवांच्या मदतीने, हळूहळू ग्रॅनाइट बनले. त्यांचा एक सवाल बिनतोड होता: शेकडो चौरस किलोमीटरचा ग्रॅनाइट बाहेरून येऊन घुसला, तर आधी तिथे असलेला खडक गेला कुठे? शिवाय नाइस हळूहळू ग्रॅनाइटमध्ये मिसळत गेलेला त्यांनी प्रत्यक्ष पाहिला होता. १९५८ साली टटल आणि बोवेन या शास्त्रज्ञांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. क्वार्ट्‌झ, दोन प्रकारचे फेल्डस्पार आणि पाणी यांच्या मिश्रणात सर्वांत कमी तापमानाला वितळणारं जे प्रमाण असतं, त्याच्याच भोवती बहुतेक नैसर्गिक ग्रॅनाइटांची रासायनिक विश्लेषणं गोळा होतात, असं त्यांनी दाखवलं. खडक वितळल्याशिवाय इतका योगायोग जुळणं कठीण. पारडं वितळण्याच्या बाजूने झुकलं. पण रीड यांच्या बाजूचं निरीक्षणही खोटं नव्हतं, आणि तुमच्या प्रश्नाची मेख नेमकी तिथेच आहे.

आता नाइस. इथे नवा पदार्थ येत नाही, असलेला खडकच बदलतो. तो पर्वत तयार होताना खोल गाडला जातो, तापतो, दाबला जातो, आणि मुख्य म्हणजे ओढला, सरकवला, चपटा केला जातो. हे सगळं होताना खडक बहुतांशी घनच राहतो. लोकांना हे पटायला जड जातं, कारण घन दगड वाहतो ही कल्पनाच विचित्र वाटते. पण क्वार्ट्‌झ साधारण ३०० अंशांच्या वर, सावकाश ताण दिला तर, न तुटता आकार बदलायला लागतं. फेल्डस्पार जास्त हट्टी. त्याला ४५०–५०० अंश लागतात. या दोन तापमानांच्या मधल्या पट्ट्यात क्वार्ट्‌झ लांबत लांबत फितीसारखं होतं, अभ्रकाची पानं एका दिशेला वळतात, आणि फेल्डस्पारचे मोठे दाणे त्या प्रवाहात डोळ्यांसारखे उरतात. असा डोळेदार नाइस एकदा पाहिला की विसरत नाही.

मराठी पाठ्यपुस्तकांत नाइसला पट्टिताश्म म्हणतात. शब्द छान आहे, पण माझ्या मते अर्ध्या गैरसमजाचं मूळ तोच. सगळ्या नाइसमध्ये ठळक पट्टे नसतात. डोळेदार नाइसमध्ये पट्ट्यांऐवजी फक्त एकदिशा वळण असतं. उलट पट्टे दिसले की नाइस, हेही खरं नाही. ग्रॅनाइटमधून गेलेली फिकट बारीकदाणी शीर दगडाच्या छोट्या तुकड्यात हुबेहूब पट्ट्यासारखी दिसते. शिलारस वाहताना काळी खनिजं एकत्र येऊन गडद धूसर रेघा उमटतात, त्याही फसवतात.

पट्टे कशाने पडतात, याला एक उत्तर नाही. मूळ खडकच थरांचा असेल, म्हणजे वाळूचा थर, मातीचा थर असा, तर ते थर फिकट आणि गडद पट्टे म्हणून टिकतात. कधी मूळ खडकातल्या शिरा इतक्या ओढल्या जातात की आधी एकमेकींना छेदणाऱ्या शिरा शेवटी समांतर होऊन बसतात. कधी क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार एका जागी विरघळून शेजारी साचतं आणि अभ्रक मागे राहतं. आणि कधी खडक थोडासा वितळतो व तो वितळलेला फिकट भाग पट्ट्यांत गोळा होतो. हातातल्या पट्ट्याकडे बघून यातलं कुठलं घडलं ते बहुतेक वेळा सांगता येत नाही. एवढं मात्र पक्कं धरा: नाइसमधला वरचा पट्टा खालच्या पट्ट्यापेक्षा नवा, असं गाळाच्या खडकासारखं गणित इथे चालत नाही. तो थर दिसतो, पण पुष्कळदा घडीवर घडी पडून उलटसुलट झालेला असतो.

तुमच्या दगडात एका बाजूने पट्टे दिसतात आणि दुसऱ्या बाजूने नाहीत, याचं कारण आता लक्षात आलं असेल. वहीची पानं कडेने बघितली तर रेघा दिसतात, वरून बघितलं तर एकच पान दिसतं. नाइसचंही तेच. अभ्रकाची पानं ज्या पातळीत पसरलीत त्या पातळीला समांतर तुटलेल्या बाजूवर काळे ठिपके सर्वत्र विखुरलेले दिसतात आणि दगड अगदी ग्रॅनाइटसारखा वाटतो.

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सपाट, विस्तीर्ण कातळाचा नकाशा करत होतो. तीन दिवस चाललो, जागोजागी दगड पाहिला, वहीत ग्रॅनाइट लिहिलं, नकाशावर लाल रंग भरला. चौथ्या दिवशी पाणी प्यायला ओहोळाच्या घळीत उतरलो तर समोरच्या उभ्या भिंतीवर सरळ आडव्या रेघा. फोलिएशन, म्हणजे खनिजांची एका पातळीत लागलेली पानापानांची मांडणी, आडवं होतं आणि मी तीन दिवस पानाच्या वरच्या बाजूवरून चालत होतो. वरिष्ठ नकाशा बघून काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त खोडरबर पुढे सरकवला. तेव्हापासून एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन बाजू बघितल्याशिवाय मी दगडाचं नाव उच्चारत नाही.

वर्गीकरणाकडे वळू, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग तो आहे. ग्रॅनाइटचं नाव मोजून ठरतं. श्ट्रेकआयझन यांच्या पुढाकाराने भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७०च्या दशकात जी पद्धत घातली, ती आजही चालते. काळी खनिजं बाजूला ठेवायची. क्वार्ट्‌झ, अल्कली फेल्डस्पार आणि प्लॅजिओक्लेज या तिघांची बेरीज शंभर धरायची. त्यात क्वार्ट्‌झ २० ते ६० टक्के हवं. मग फक्त फेल्डस्पारांकडे बघायचं: त्यांत प्लॅजिओक्लेजचा वाटा १० ते ६५ टक्के असेल तर ग्रॅनाइट, ६५ ते ९० असेल तर ग्रॅनोडायोराइट, त्याहून जास्त असेल तर टोनॅलाइट. प्रयोगशाळेत हे ०.०३ मिलिमीटर जाडीच्या पातळ कापावर, सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो बिंदू मोजून करतात. उघड्यावर डोळ्यांनी एवढं अचूक जमत नाही, म्हणून आम्ही वहीत 'ग्रॅनाइटवर्गीय' असं मोघम लिहितो आणि काप आल्यावर दुरुस्त करतो.

या पद्धतीत दोन गोष्टी लोकांना खटकतात. एक म्हणजे रंगाला स्थान नाही. गुलाबी म्हणून ग्रॅनाइट आणि करडा म्हणून दुसरं काही, असं नसतं. दुसरी म्हणजे दाण्यांचा आकार मात्र लागतो: हेच घटक याच प्रमाणात, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक दाण्यांत असतील तर तो ऱ्हायोलाइट, म्हणजे बहुधा पृष्ठभागावर येऊन झटकन निवलेला त्याचा भाऊ. आणि दगडाच्या व्यापारात चकाकी घेणाऱ्या कुठल्याही कठीण दगडाला ग्रॅनाइट म्हणतात, तो भाग वेगळा. तिथला 'काळा ग्रॅनाइट' बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट असा गडद अग्निजन्य खडक असतो, ज्यात क्वार्ट्‌झ नावालाच असतं किंवा नसतंच. पट्ट्यांचा 'ग्रॅनाइट' तर सरळसरळ नाइस असतो. विक्रेता फसवतोय असं नाही. त्याचा शब्द दगडाच्या कामाचा आहे, जन्माचा नाही.

नाइसचं नाव याच्या अगदी उलट्या क्रमाने ठरतं. आधी रचना, मग घटक. रूपांतरित खडकांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार खडक पानापानांनी एक सेंटिमीटर किंवा त्याहून पातळ सुटत असेल तर तो शिस्ट. त्याहून जाड तुकड्यांनी सुटत असेल किंवा फोलिएशन पुसट असेल तर नाइस. म्हणजे नाइसच्या या व्याख्येत ना फेल्डस्पारची अट आहे ना ठळक पट्ट्यांची. पुष्कळ जुन्या पुस्तकांत आणि वर्गांत मात्र भरपूर फेल्डस्पार आणि फिकट–गडद पट्टे, दोन्ही लागतात असं शिकवतात. मी स्वतः जुन्या वळणाचा असल्याने फेल्डस्पार नसलेल्या खडकाला नाइस म्हणताना हात अडखळतो. तुम्ही कुठली व्याख्या वापरता हे एकदा लिहून ठेवलं की झालं.

रचनेवरून नाइस ठरला की पुढे खनिजांची नावं लावायची, आणि त्यांत जे सर्वांत जास्त ते 'नाइस'च्या सर्वांत जवळ. गार्नेट–बायोटाइट नाइस म्हणजे गार्नेटपेक्षा बायोटाइट, म्हणजे काळं अभ्रक, जास्त. आणि शेवटी, पुरावा असेल तरच, पूर्वज सांगायचा. मूळ खडक अग्निजन्य असेल तर ऑर्थोनाइस, गाळाचा असेल तर पॅरानाइस. 'ग्रॅनाइट नाइस' हे नावही चालतं, पण त्यात एक संदिग्धता आहे: कुणी ते ग्रॅनाइटपासून झालेला नाइस या अर्थाने लिहितो, कुणी ग्रॅनाइटसारखे घटक असलेला नाइस या अर्थाने. वाचताना लेखकाला काय म्हणायचंय ते बघावं लागतं.

पूर्वज कसा ओळखायचा? गाळाच्या, विशेषतः चिकणमातीच्या खडकात ॲल्युमिनियम जास्त असतं. तो तापला की गार्नेट, सिलिमनाइट, कॉर्डिएराइट अशी खनिजं येतात. शेजारी संगमरवराचे किंवा क्वार्टझाइटचे पट्टे असतील तर पॅरानाइसचा संशय बळावतो. पट्टे नसलेला, मैलोन्‌मैल एकसारखा, मध्येच जुन्या शेजाऱ्यांचे चपटे झालेले तुकडे पोटात असलेला नाइस बहुधा ऑर्थो असतो. तरीही अडलं तर झिरकॉन. हे बारीक, चिवट स्फटिक रूपांतरणातून टिकून राहतात आणि त्यांचं वय मोजता येतं. ऑर्थोनाइसमध्ये बहुतेक झिरकॉनांच्या गाभ्याचं वय एकच येतं, ते मूळ शिलारस गोठल्याचं; आणि कडेच्या पापुद्र्याचं वय वेगळं, ते रूपांतरणाचं. पॅरानाइसमध्ये गाभे नाना वयांचे असतात, कारण वाळू अनेक डोंगरांतून आलेली असते. कॅनडाच्या वायव्य भागातला अकास्टा नाइस पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या ज्ञात खडकांपैकी मानला जातो, सुमारे ४०० कोटी वर्षांचा. ते वय त्याच्या मूळ अग्निजन्य खडकाचं आहे. त्याचा नाइस नंतर झाला. म्हणजे 'हा नाइस किती जुना' हा प्रश्नही दोन प्रश्नांचा बनलेला आहे.

इथे ग्रॅनाइटपासून झालेल्या नाइसची एक अडचण सांगून ठेवतो, ती पुस्तकांत सहसा एका ओळीत संपते. रूपांतरण किती तीव्र होतं हे खनिजांवरून कळतं. जॉर्ज बॅरो यांनी १८९३ साली स्कॉटिश डोंगराळ प्रदेशात मांडलेल्या कामातून पुढे क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट ते सिलिमनाइट अशी चढती भाजणी तयार झाली, ती मातीच्या खडकांत. क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार मात्र फार मोठ्या तापमानाच्या पट्ट्यात जसंच्या तसं स्थिर राहतं. त्यामुळे ग्रॅनाइट ५०० अंशांना दाबला काय किंवा ६५० ला, खनिजांची यादी जवळजवळ तीच राहते. बदलते ती मांडणी. तुम्हाला दोन्ही दगडांत घटक तेच दिसले याचं कारण हेच. मातीच्या खडकाने आपला सगळा इतिहास खनिजांत लिहून ठेवलेला असतो, ग्रॅनाइट तो फक्त आकारात लिहितो. म्हणून ग्रॅनाइटी नाइसच्या मुलखात मी तापमान शोधायला शेजारचा मातीचा पट्टा शोधत फिरतो.

आणि मग ती सीमारेषा, जिच्यामुळे रीड यांचं निरीक्षण खोटं नव्हतं असं वर म्हटलं. नाइस तापत तापत ६५० अंशांच्या पुढे गेला आणि थोडं पाणी मिळालं, तर त्यातला सर्वांत सहज वितळणारा भाग वितळतो. तो भाग म्हणजे क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार, अर्थात ग्रॅनाइटच. तो फिकट नागमोडी पट्ट्यांत जमतो, मागे अभ्रकाचा काळा गाळ उरतो. फिनलंडच्या सेडरहोम यांनी १९०७ साली अशा मिश्र खडकाला मिग्मटाइट हे नाव दिलं. एकाच कातळावर दहा पावलांत नाइस, मिग्मटाइट आणि ग्रॅनाइट असा प्रवास मी पाहिलाय, आणि रेघ कुठे मारायची यावर सहकाऱ्यांशी भांडलोय. तिथे रेघ निसर्गात नसते, आपण नकाशाच्या सोयीसाठी ओढतो. असा वितळलेला भाग पुरेसा जमला की तो वर सरकतो आणि दुसरीकडे जाऊन चोख ग्रॅनाइट म्हणून गोठतो. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात काम करताना चॅपेल आणि व्हाइट यांनी १९७४ साली ग्रॅनाइटांचेच दोन गट सुचवले: ज्यांचा शिलारस जुन्या अग्निजन्य खडकांतून आला ते आय प्रकारचे, गाळाच्या खडकांतून आला ते एस प्रकारचे. म्हणजे पूर्वज कोण हा प्रश्न नाइसपुरता उरला नाही, ग्रॅनाइटलाही लागू झाला. या विभागणीवर मतभेद आहेत, कारण बहुतेक ग्रॅनाइटांत दोन्हीकडचं थोडं थोडं मिसळलेलं असतं. विचाराची दिशा म्हणून ती मला आजही उपयोगी वाटते.

आता तुमच्या हातातला दगड. कठीणपणा तपासून, आम्ल टाकून किंवा वजन करून काही मिळणार नाही. दोन्ही खडकांत तेच घटक असल्याने उत्तरं तीच येतील. दगड धुवा आणि ओलाच ठेवा, रंग उठून दिसतात. एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन बाजू निवडा. प्रत्येक बाजूवर काळ्या अभ्रकाचे वीस-पंचवीस दाणे धरा आणि ते लांबट आहेत का, असतील तर कुठल्या दिशेला, हे पेन्सिलीने आखा. तिन्ही बाजूंवर दिशा अस्ताव्यस्त असेल तर ग्रॅनाइट. दोन बाजूंवर सारखी दिशा आणि तिसरीवर गोंधळ असेल तर फोलिएशन आहे आणि तिसरी बाजू त्याला समांतर आहे.

फोलिएशन आहे म्हणून लगेच नाइस लिहू नका, कारण शिलारस वाहतानाही फेल्डस्पारचे लांबट स्फटिक ओंडक्यांसारखे एका दिशेला लागतात. इथे क्वार्ट्‌झचा तो बेढबपणा कामाला येतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. फेल्डस्पार रांगेत पण शाबूत, सरळ कडांचं, आणि क्वार्ट्‌झ मात्र फटींतले वेडेवाकडे ठिपके, तर ते वळण द्रव अवस्थेतलं आहे, दगड ग्रॅनाइटच. क्वार्ट्‌झ स्वतःच फितींसारखं किंवा लांबट पुंजक्यांसारखं ओढलेलं आणि फेल्डस्पार कडांना चुरडलेलं किंवा डोळ्यांच्या आकाराचं असेल, तर खडक घन झाल्यावर ओढला गेलाय. तो नाइस. क्वार्ट्‌झ शेवटी गोठतं, म्हणून ते ओढलेलं असेल तर ओढाताण त्याच्यानंतरची, इतकं साधं तर्कशास्त्र आहे. मधली अवस्थाही सापडते, जरासं ओढलेलं क्वार्ट्‌झ आणि बाकी सगळं ग्रॅनाइटसारखं. त्याला मी 'फोलिएशन असलेला ग्रॅनाइट' असं लिहून मोकळा होतो.

एखादा कोपरा फोडायची तयारी असेल तर डोळ्यांवर चष्मा लावून फोडा. ग्रॅनाइट कसाही तुटतो. नाइस अभ्रकाच्या पातळीने तुटायला बघतो. पण हा पुरावा दुय्यम धरा, अभ्रक कमी असलेला नाइसही हवा तसा तुटतो.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून, म्हणजे एका बाजूला सलग रेघा, शेजारी ठिपके, आणि घटक ग्रॅनाइटचे, मला तो नाइस असण्याची शक्यता जास्त वाटते. भिंगाखाली क्वार्ट्‌झ ओढलेलं निघालं तर चिठ्ठीवर 'ग्रॅनाइटी घटकांचा बायोटाइट नाइस' असं लिहा. 'ऑर्थो' लिहायची घाई करू नका. त्यासाठी तो दगड ज्या कातळातून आला तो कातळ, आणि त्याचे शेजारी, बघावे लागतील.